झुंबरबाईची सुडी

आश्विन लागला आणि सोयाबीनच्या शेंगा वाजायला लागल्या. वारा आला की सारं वावर पायात चाळ बांधल्यासारखं खुळखुळायचं. ऐकायला गोड, पण ज्याचं पीक त्याच्या जिवाला घोर. शेंग वाजायला लागली की चार-आठ दिवसांची पाहुणी. ऊन तापलं तर तडकून दाणा भुईवर सांडते, पाऊस आला तर झाडावरच कोंब काढते. त्या चार-आठ दिवसांत माणसाला माणूस लागतो.

अशाच एका दिवशी दिवेलागणीच्या आधी भागवतची मोटारसायकल सिंधूताईच्या दारात येऊन थांबली. भागवत म्हणजे भगवानरावांचा थोरला. नांदुऱ्याच्या रस्त्याला लागून त्यांचं सात एकर सोयाबीन होतं, आणि बारा वर्षांपासून त्या वावराची सोंगणी, म्हणजे कापणी, सिंधूताईच्याच बायांच्या टोळीकडे होती. तो गाडीवरून उतरला नाही. एक पाय भुईला टेकवून, गाडी चालूच ठेवून बोलला.

"सिंधूताई, उद्यापासून सोंगनी लावू. परवा सांजेले पाऊस दाखवून राह्यलं मोबाईलमध्ये."

"येतो ना भाऊ. दहाच्या दहा जनी मोकळ्या हाव."

"नऊ आन."

"नऊ काऊन?"

"झुंबरबाईले आनू नको. मांगच्या खेपेले पाह्यलं ना मी. बाकीच्या वाकून राह्यल्या अन् हे बुढी आपली कापल्या पिकाच्या सुडीपाशी बसेल. एकडाव नाही, दोनडाव पाह्यलं. मी उभ्या बाईले रोज देतो, बसल्या बाईले नाही."

"वय झालं भाऊ तिचं."

"तेच म्हनतो मी. वय झालं तं घरी बसाव. नसन जमत तं तसं सांग, पलीकडच्या गावची टोळी ऑटो भरून यायले तयार हाय."

गाडी निघून गेली. दारात खाटेवर वाळत टाकलेल्या उडदाच्या डाळीवर धुराचा पट्टा काही वेळ तरंगत राहिला. सिंधूताईने पदराने तो हाकलला आणि डाळीवरचं फडकं उगाच सारखं केलं.

आत सारिका, तिची सून, पीठ मळत होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"मामी, तो बोलला वाईट, पन खोटं नाही बोलला," ती म्हणाली. "तिच्या वाट्याची अर्धी पात रोज मीच काढतो. माह्या पाठीची काय दशा झाली ते मले मालूम. अन् तिच्यापायी साऱ्या टोळीचं काम गेलं तं? नऊ घरच्या चुली हायेत."

सून खोटं बोलत नव्हती, हेच तर दुखणं होतं.

ओसरीवर सिंधूताईचे घरधनी पुंजाजी बसले होते. नांदुऱ्याच्या एका जिनिंगमध्ये त्यांची बावीस वर्षं गेली. डाव्या हाताची दोन बोटं तिथेच राहिली, आणि बदल्यात युनियनच्या रविवारच्या अभ्यासवर्गातली आठ-दहा पुस्तकं घरी आली. त्यातलं एक, वर्तमानपत्राचं वेष्टण घातलेलं, कायम त्यांच्या मांडीवर असायचं.

"मालकाची नजरच तशी असते," ते म्हणाले. "तो एकेकीले मोजते. हे किती वाकली, ते किती वाकली. पन काम काय एकेकीनं होते? दहा जनी वावरात उतरल्या का अकरावी गोष्ट तयार होते."

"कोनती जी?"

"टोळी."

"बोलाले छान हाय," सिंधूताई म्हणाली. "मले एक सांगा. तुमच्या पुस्तकात म्हाताऱ्या बाईचं काय लिहेल हाय?"

"म्हंजे?"

"कामगार, कामगार म्हनता ना. तो म्हातारा होते का नाही? त्याचे हात थकले, मंग त्याचं काय कराव म्हनते तुमचा मार्क्सबाबा?"

पुंजाजींनी चष्मा कपाळावर चढवला. "पाहा लागन."

"पाहा मंग. मी येतो तिच्याकडून."

* * *

झुंबरबाईचं घर गल्लीच्या टोकाला, एक खोली आणि पुढे टिनाचा पडवा. नवरा गेला त्याला वीस वर्षं झाली, लेक सासरी. बाई एकटी, पण घरात कधी कामाचा आवाज नाही असं झालं नाही. आत्ताही ती दगडापुढे उकिडवी बसून विळ्यांना धार लावत होती. आपला एक, आणि शेजारी आणखी चार. टोळीतल्या बायांचे विळे आदल्या सांजेला तिच्याकडे येत. कधीपासून, ते कुणाला सांगता आलं नसतं.

"ये वं सिंधू. तुहाही इळा ठेव. भलते बोथट करता बाप्पा तुमी लोक."

सिंधूताई उंबऱ्यापाशी टेकली. वाटेने तिने शब्द जुळवून आणले होते. झुंबरबाई, मालक असं असं म्हणाला, माझा इलाज नाही. एवढंच. पण समोर ती बोटं दिसली. पाण्याने पांढरी पडलेली, सांध्यांत आल्याच्या गाठीसारखी फुगलेली. ती विळ्याच्या पात्यावरून अंगठा फिरवून धार बघत होती, जसं बाळाचं अंग तापलं का ते बघावं. आणि सिंधूताईच्या तोंडून भलतंच निघालं.

"उद्या काम नाही, झुंबरबाई. पुढं ढकललं मालकानं."

झुंबरबाईचा हात थांबला. तिने पडव्याबाहेर मान काढून आभाळ पाहिलं. आभाळ स्वच्छ होतं. फक्त मावळतीला कापसाच्या बोंडासारखे दोन-तीन ढग.

"ढकलू नको म्हना त्याले. मुंग्या अंडे घेऊन वर चढून राह्यल्या. पानी येते." मग तिने चारही विळे फडक्यात गुंडाळून सिंधूताईच्या हाती दिले. "घेऊन जा. लागले तं असू दे."

सिंधूताई ते ओझं घेऊन उठली. चार विळ्यांचं वजन ते काय, पण घर येईपर्यंत हात भरून आला.

* * *

सिंधूताईचा एक नेम होता. आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू झाला की आश्विन पौर्णिमेपर्यंत, तीन महिने, सकाळची वंदना झाल्याशिवाय चूल पेटवायची नाही. अंघोळ करायची, बुद्ध भगवंताच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोपुढे मेणबत्ती लावायची, त्रिशरण म्हणायचं, पंचशीलातलं एकेक शील शांतपणे घ्यायचं. घाईच्या दिवशीसुद्धा तिने ते कधी उरकलं नव्हतं. ती म्हणायची, ज्या दिवशी मी त्याला घाई केली, त्या दिवशी मला सारं जग घाई करते.

त्या सकाळी पहिली तीन शीलं नीट झाली. चौथं आलं. "मुसावादा..." एवढं म्हटलं आणि जीभ टाळूला चिकटली. खोटं बोलण्यापासून दूर राहण्याचं शील मी घेते, असं म्हणायचं होतं. काल सांजेला बोललेलं खोटं अजून तोंडात आंबूस होतं. मेणबत्तीची ज्योत हलली. तिने पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच अडली. शेवटी हात जोडून नुसती बसून राहिली, आणि तशीच उठली.

चूल मात्र तिने पेटवली नाही. सारिकाने गुपचूप गॅसवर चहा केला.

पुंजाजींनी ओसरीवरून सगळं पाहिलं. "आतल्या आत ओढ लागली तुह्या," ते हळूच म्हणाले. "एक टोक इकडं, एक टोक तिकडं. ते वाईट नाही. ओढ असल्याबिगर काही बदलतच नाही. विरोधविकास म्हनतात त्याले."

"विकास कोनाचा झाला जी? मले तं झोप नाही लागली." तिने डोक्याला रुमाल बांधला. "सापडलं काय तुमच्या पुस्तकात?"

"अर्ध्यापरेंत आलो."

नऊ जणी रस्त्याने निघाल्या. गल्लीच्या टोकावरून जाण्यावाचून वाट नव्हती. झुंबरबाई अंगण झाडत होती. तिने नऊ डोकी पाहिली, नऊ रुमाल, नऊ विळे. खराटा हातात तसाच राहिला. ती काही बोलली नाही. पुष्पाबाईने, जिची जीभ कधी विसावत नसे, पायातली चप्पल नीट करायचं निमित्त करून मान खाली घातली.

* * *

सोयाबीन सोंगणं म्हणजे कंबरेचं काम आणि बोटांचं मरण. डाव्या मुठीत तीन-चार झाडं धरायची, विळा मुळाशी घालायचा, हिसका देऊन कापायचं, मागे ढिगली टाकायची, आणि न उठता पाऊल पुढे सरकवायचं. वाळल्या शेंगेचं टोक सुईसारखं. बाया जुन्या शर्टाच्या बाह्या कापून हातात चढवतात, तरी दुपारपर्यंत मनगटावर लाल रेघांची जाळी उठते. घाम तिच्यात उतरला की चर्र होतं. भागवत धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, उभा राहून बघत होता. सगळ्या वाकलेल्या होत्या. त्याला बरं वाटत असावं.

पहिला दिवस असा गेला. दुसऱ्या दिवशी पाच-साडेपाच एकर कापून झालं, दीड उरलं, आणि चारच्या सुमाराला सातपुड्याकडून काळं आलं.

"राहू द्या सोंगनं!" भागवत ओरडला. "जमा करा पहिले! इथंच, रस्त्याच्या कडेले टाका. मळनी यंत्र सीधं येऊन लागन."

ढिगल्या डोक्यावर घेऊन बाया पळायला लागल्या. ज्या जागेवर भागवतने बोट दाखवलं तिथे टाकत गेल्या. सारिका वर चढून पायाने दाबत होती. शेंगा कुठे, बुडखे कुठे, बघायला कुणाला सवड नव्हती. ढीग उंच झाला, त्याच्यावर ताडपत्री ओढली, कडेला दगड ठेवले. पहिला टपोरा थेंब पुष्पाबाईच्या नाकावर पडला तेव्हा सगळ्या हसल्या. काम वेळेत झालं होतं.

सिंधूताई हसली नाही. तिला सारखं वाटत होतं, काही तरी राहिलं. घरून निघताना कुलूप लावलं की नाही, तसं. तिने मागे वळून ढिगाकडे दोनदा पाहिलं. काय राहिलं ते ध्यानात येईना.

पाऊस कोंबडं आरवेपर्यंत पडला. पुढचा दिवस चिरचिर करत गेला. त्याच्या दुसऱ्या दिवशी ऊन पडलं, लखलखीत. पण रस्त्यात चिखल होता म्हणून मळणी यंत्र आलं नाही. त्यानंतरच्या सकाळी सिंधूताई वंदनेला बसली होती. रोजच्यासारखी तिसऱ्या शीलापर्यंत जाऊन थांबली होती. चार दिवस झाले, घरची चूल थंड होती. तेवढ्यात दारात गाडी थांबली, आणि या खेपेला बंद झाली.

भागवत उतरून आत आला. ओसरीच्या पायरीवर बसला. चेहरा असा, जसा घरात कुणी आजारी आहे.

"ताडपत्री उघडली मी," तो म्हणाला. "वाफ निघून राह्यली. हात घातला तं भाजला. शिळ्या डाळीसारखा वास. बाबा म्हनाले..."

"काय म्हनाले भगवानराव?" पुंजाजींनी विचारलं.

"म्हनाले, सुडी कोनं घातली? मी म्हनलो, बायांनी. म्हनाले, बाया तं दरसाली असतात, सुडी झुंबरबाई घालते. तिच्या हातची सुडी महिनाभर पान्यात उभी राह्यली अन् दाना नाही भिजला. तिले काऊन नाही आनलं?" भागवत पायातल्या चिखलाकडे बघत होता. "मले कोनी सांगतलं नाही ना."

सिंधूताईला राहिलेलं ते आता कळलं. झुंबरबाई दुपारनंतर पात सोडून जायची. वावरातली उंचवट्याची जागा हेरायची. खाली कापसाच्या पऱ्हाट्या आणि तुरीच्या तुराट्या आडव्या-उभ्या अंथरायची, म्हणजे पाणी खालून वाहून जाईल. मग उकिडवी बसून एकेक ढिगली लावायची: शेंगा आत, बुडखे बाहेर, घराच्या छपरासारखा उतार. आणि बाकीच्या नऊही जणी इतकी वर्षं म्हणत आल्या होत्या, बुढी जरा टेकली. झुंबरबाई स्वतःसुद्धा तेच म्हणायची, 'जरा टेकतो व मी.' ते काम आहे असं कुणाच्या तोंडी कधी आलंच नव्हतं. मग भागवतला कोण सांगणार, आणि काय?

"थोडं थोडं तापते," पुंजाजी आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाले. "वरून काही दिसत नाही. अन् एका घडीले सोयाबीन सोयाबीन राहत नाही."

"जाऊन ये ना ताई तिच्याकडं," भागवत म्हणाला. "तुह्यं ऐकते ते."

* * *

झुंबरबाई पडव्यात तांदूळ निवडत होती. सिंधूताई उंबऱ्यापाशी आली, पण टेकली नाही. उभीच राहिली.

"मी खोटं बोललो, झुंबरबाई. त्या दिवशी काम होतं."

"मालूम हाय. नऊ जनी इळे घेऊन लग्नाले तं नसन चालल्या." तिने एक खडा उचलून अंगणात फेकला. "खोटं तरी नीट बोलाव. तुले येतही नाही."

"मालक म्हने तुले आनू नको. मले तोंडावर सांगनं नाही झालं."

"हं."

"आता सुडी तापली. पाच एकराची. त्यानं धाडलं मले."

झुंबरबाईने सूप खाली ठेवलं. गल्लीतून बकऱ्या गेल्या, त्यांच्या मागे धूळ गेली.

"एक सांग सिंधू," ती म्हणाली. "अन् आता खरं सांगजो. मले सुडी येत नसती, नुसतीच म्हातारी राह्यलो असतो, तं आज आली असती तू?"

चांगलं उत्तर कोणतं ते सिंधूताईला ठाऊक होतं. ते देऊन टाकलं असतं तर दोघींचंही मन राहिलं असतं. तिने मान खाली घातली.

"आज नसतो आलो."

"हां."

"पन रोज सकाळी अटकून राह्यलो होतो मी. वंदना पुरी नाही होऊन राह्यली. एक ना एक दिवस आलो असतो. किती दिवसानं, ते नाही सांगता येत."

झुंबरबाई गुडघ्यावर हात टेकून उठली. हाडं कटकट वाजली. "हे खरं बोलली," ती म्हणाली. "चाल. पिकानं कोनाचं काय बिघडवलं? त्याले काऊन सडू द्याचं?"

* * *

झुंबरबाई ढिगापाशी गेली आणि कुणाशी न बोलता उजवा हात खांद्यापर्यंत आत घातला. डोळे मिटले. हात बाहेर आला तेव्हा कोपरापासून खाली लाल झाला होता, आणि त्यातून वाफ निघत होती. तिने दुसऱ्या बाजूला जाऊन तसंच केलं. मग खाली वाकून बुडाशी बोटं खुपसली आणि ती हुंगली.

"बुडाची हातभर थप्पी गेली," ती म्हणाली. "तिले कोंब आले. ढोराले टाका. मधातलं तापेल हाय, पन दाना मेला नाही. पातळ पसरवा, उनात. एकावर एक नका येऊ देऊ. वरचं चांगलं हाय. ते त्या टेकाडावर न्या. अन् तू काय पाहून राह्यला रे? पऱ्हाट्या आन, दोन बैलगाड्या."

'तू' म्हणजे भागवत. तो ट्रॅक्टर घेऊन गेला.

त्या दिवशी ढीग उकलणं हे सोंगणीपेक्षा वाईट काम होतं. आतली वाफ तोंडावर येई, डोळ्यांत झोंबे. ढिगल्या एकमेकींत गुंतून चामड्यासारख्या झालेल्या. सारिका आणि पुष्पाबाई ओढत, सिंधूताई पसरवत, बाकीच्या वाहत. भागवतही वाहत होता. त्याच्या हाताला बाह्या नव्हत्या; तासाभरात मनगटं रेघांनी भरली आणि तो पुन्हा पुन्हा ती विजारीला पुसू लागला. सारिकाने आपली एक बाही काढून त्याच्याकडे फेकली. "घाला भाऊ. लाजू नका, कोनी फोटो नाही काढत."

टेकाडावर झुंबरबाई पऱ्हाट्यांवर पाया घालत होती. भागवतने एक ढिगली तिच्यापुढे टाकली. तिने त्याच्या हातावर चापट मारली.

"उलटं ठेवलं! शेंग बाहेर काढली तू. पोराचं तोंड पावसात अन् पाय घरात, असं झोपवतो काय रे घरी?"

"नाही," भागवत म्हणाला.

"मंग?"

त्याने ढिगली फिरवली. तिने ती दोन बोटं आत सरकवली. "हां. आता दुसरी आन. अन् बस खाली. उभ्यानं नाही जमत हे काम."

तो बसला. सिंधूताईने लांबून पाहिलं आणि पुन्हा कामाला लागली. ती बघत आहे हे त्याला दिसू नये, एवढी भीड तिने पाळली.

दोन दिवस ऊन कडक पडलं. मधलं सुकलं. मळणी यंत्राच्या तोंडातून दाणा पडायला लागला तेव्हा थोडा काळवंडलेला होता, पण दाणाच होता. झुंबरबाईने चार दाणे दाताखाली धरून फोडले. "वाचलं," एवढंच म्हणाली.

पोती भरून झाल्यावर भागवत बायांपाशी आला. घसा साफ केला.

"उरलेलं दीड एकर उद्या काढून टाकू. अन् झुंबरबाई, तुमी बी या. म्हंजे सुडी लावाच्या वक्ताले या, दुपारून. सकाळून काऊन तकलीफ घेता?"

बोलला तो आदराने. त्याला वाटलं, आपण चांगलंच बोललो. झुंबरबाई पदराने तोंड पुसत राहिली. सिंधूताई पुढे झाली, पण तिच्या आधीच सारिका बोलली.

"दहा जनी येऊ. सकाळून."

"अवं पन, सोंगाले तिले..."

"सुडी नसली तरी दहा," सारिका म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण विळा धरावा तसा शब्द धरलेला होता. "उद्या तिचे हात सुडीतूनही थकतीन, तरी दहा. परवा मामीचे थकतीन, मंग माहे थकतीन. तवा तुमी यायचं अन् म्हनाचं, आठ आन, सात आन? नसन पटत तं बोलवा त्या ऑटोवाल्या टोळीले."

पुष्पाबाईने हळूच "हाव" म्हटलं. मग आणखी दोघी म्हणाल्या. भागवतने सिंधूताईकडे पाहिलं. बारा वर्षं, आधी त्याचा बाप आणि आता तो, हिच्याशीच बोलत आले होते. ही ऐकून घेणारी.

"मी नऊ आनल्या होत्या भाऊ," सिंधूताई शांतपणे म्हणाली. "ते माही चूक. आता नाही होनार."

भागवतने डोकं खाजवलं. "दहा तं दहा बाप्पा," तो म्हणाला आणि पोती मोजायला वळला.

त्या रात्री जेवताना पुंजाजींनी ताटाशेजारी पुस्तक ठेवलं. "वाचलं पुरं. तू म्हनली तशी म्हातारी बाई यात कुठं नावानिशी नाही सापडली. एका ठिकानी इतलंच लिहेल हाय का ज्याले जेवढं होते तेवढं त्यानं कराव, अन् ज्याले जेवढं लागते तेवढं त्याले मिळाव. पन ते कसं घडून येते, ते मले अजून पुरं समजलं नाही."

"मलेही नाही समजलं," सिंधूताई म्हणाली आणि त्यांच्या ताटात आणखी एक भाकर वाढली. भाकर चुलीवरची होती.

* * *

दुसऱ्या दिवशी दहा जणींनी दहा पाती धरल्या. ऊन कोवळं होतं, दव अजून शेंगांवर होतं, त्यामुळे शेंग टोचत नव्हती आणि विळा सरसर चालत होता. पुष्पाबाईने आपल्या व्याह्याची एक फजिती सांगायला घेतली आणि ती धुरा येईपर्यंत पुरवली.

एकेक करत नऊ जणी धुऱ्याला लागल्या. झुंबरबाई अर्ध्या वावरात होती. सारिकाने कंबर सरळ केली आणि सवयीने उलटी फिरली. आता समोरून तिची पात कापत जायची, म्हणजे लवकर सरते.

"हात नको लावू माह्या पातीले!" झुंबरबाई लांबूनच ओरडली. "माही मी काढतो. तुमाले घाई असन तं जा घरी."

सारिका थबकली. तिने सासूकडे पाहिलं. सिंधूताईने विळा खाली ठेवला, रुमाल सोडून घाम पुसला आणि धुऱ्यावरच्या गवतात बसली. मग सारिका बसली. मग पुष्पाबाई. एकीमागून एक नऊच्या नऊ जणी पाय लांब करून बसल्या. कुणीतरी तंबाखूची डबी काढली. वावरात फक्त एका विळ्याचा आवाज राहिला. खर्र... खर्र... मधे थांबा, एक दीर्घ श्वास, आणि पुन्हा खर्र.

भागवत पाण्याची कॅन खांद्यावर घेऊन रस्त्याने आला. त्याने धुऱ्यावर बसलेल्या नऊ बाया पाहिल्या. वावरात वाकलेली एक पाहिली.

"सोंगून झालं काय, सिंधूताई?"

"नाही भाऊ," सिंधूताई म्हणाली. "एक पात बाकी हाय."

त्याने कॅन खाली ठेवली. ग्लास काढून विसळला, भरला, आणि मनगटावर शेंगांच्या रेघा घेऊन, कापलेल्या बुडख्यांतून पाय उचलून टाकत तो झुंबरबाईकडे चालायला लागला.